करवंदीची जाळी आणि देवस्थानांची हिरवळ

आमच्या देवस्थानांना अलीकडे हिरवळीचे वेड लागले आहे. जीर्णोद्धार झाला, शिखराला नवा रंग चढला, सभामंडपात संगमरवर बसला, की समितीची दृष्टी आवाराकडे वळते. आणि आवार म्हटले की आमच्या कार्यकर्त्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. पायांखाली सिमेंटच्या लाल-पिवळ्या लाद्या, त्यांच्या मधोमध कातरलेले गवत, कडेला पिवळ्या दुरांट्याचे गोल चेंडू, आणि 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी. एखाद्या प्रवासी-निवासाच्या दारात हे चित्र शोभतही असेल. देवाच्या दारात ते का आणले जाते, हा आमचा प्रश्न आहे. तो विचारताना आम्ही एका काटेरी, काळ्या फळांच्या, कुणी मुद्दाम न लावलेल्या झुडपाची बाजू घेऊन उभे आहोत, हे आरंभीच सांगून टाकतो. ते झुडूप म्हणजे करवंद.

आमच्या परिचयाच्या एका देवस्थानात घडलेली हकीकत अशी. गावाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही; आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना ती आपल्याच गावची वाटेल. देवळाच्या पाठीमागे, तळीपर्यंत उतरत जाणारा चिऱ्याच्या दगडाचा एक उतार होता. माती म्हणावी अशी तिथे चार बोटेच. त्या चार बोटे मातीत करवंदीची एक जुनी जाळी होती. ती किती जुनी, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हते. तिच्या आत पूर्वी कोल्हा राहत असे म्हणतात; आम्ही पाहिले ते बुलबुल, भारद्वाज आणि उन्हाळ्याच्या सुटीतली पोरे. एका वार्षिक सभेत 'मागील बाजूचे रान साफ करून परिसर सुशोभित करणे' असा ठराव आला आणि विनाचर्चा मंजूर झाला. त्या सभेला आम्ही हजर होतो आणि गप्प बसलो होतो. या लेखात जो काही कडवटपणा वाचकांना जाणवेल, त्यातला निम्मा त्या गप्प बसण्याचा आहे, असे समजावे.

यंत्राने दोन दिवसांत जाळी उपटली. वर लाल माती ओतली, गवताच्या चटया अंथरल्या, कूपनलिका खणली. पहिली दिवाळी फार देखणी गेली. फाल्गुनात गवत पिवळे पडू लागले, चैत्रात कूपनलिकेला गढूळ पाणी येऊ लागले, आणि वैशाखात देवाच्या गवतासाठी टँकर आला; त्याच वाड्यावरच्या बायका त्या दिवसांत नळाला पाणी येण्याची वाट पाहत हंडे मांडून बसल्या होत्या. पुढे मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला. जी माती करवंदीच्या मुळांनी शतकभर धरून ठेवली होती तिच्यासकट वरची विकत आणलेली मातीही तळीत उतरली. अवभृथस्नानाच्या तळीच्या पायऱ्यांवर लाल चिखलाचा थर बसला. तो काढण्यासाठी पुढल्या सभेत आणखी एक ठराव मंजूर झाला.

पण आम्हांला लेखणी उचलायला लावणारी गोष्ट याहून लहान आहे. त्याच ज्येष्ठातली वटपौर्णिमा. देवळाच्या महाद्वाराबाहेर धनगरवाड्यावरची एक म्हातारी पानांच्या खोल्यांत करवंदे घेऊन बसली होती आणि आमच्या लेकीसुना वाणासाठी तिच्याकडून ती विकत घेत होत्या. "खंयचीं गो हीं काण्टां?" असे एकीने विचारले. म्हातारीने दूरच्या एका डोंगराचे नाव सांगितले. बसने यायला तिला दोन तास लागले होते. ज्या देवळाच्या पाठीमागे ओंजळी भरभरून करवंदे होत, त्या देवळाच्या दारात ती विकत घ्यावी लागत होती. कुणालाच त्यात काही वावगे वाटले नाही. आम्हांला वाटते तो अधर्म हाच.

अधर्म हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरला आहे. वटपौर्णिमेच्या वाणात आमच्या बायका कोणती फळे घालतात ते पाहा. आंबा, फणसाचे गरे, जांभळे, करवंदे, केळी. या पंचफळांत सफरचंद नाही, द्राक्ष नाही. ज्यांनी हा आचार घातला त्यांनी बाजारात काय मिळते हे पाहिले नव्हते. त्या महिन्यात आपल्या भुईवर काय पिकते हे पाहिले होते. देवाला द्यायचे ते आपल्या मातीचे, आपल्या ऋतूचे, हाच त्या आचाराचा गाभा आहे. चतुर्थीच्या माटोळीचे तेच. कांगलां, माट्टुतां, आंबाडे, नाना तऱ्हेची रानफळे गणपतीच्या माथ्यावर टांगायची ती शोभेसाठी म्हणून नव्हे. या रानाचे आम्ही ऋणी आहोत याची ती वार्षिक कबुली आहे. आज माटोळीच्या स्पर्धा होतात, बक्षिसे दिली जातात, छायाचित्रे छापून येतात. आणि माटोळीचे सामान मात्र फोंड्याच्या नाहीतर म्हापशाच्या बाजारातून पिशवीत भरून आणले जाते. आचार राहिला, त्याच्या पायाखालची जमीन गेली. ज्या वर्षी ज्येष्ठाच्या आधी अधिक मास येतो त्या वर्षी पौर्णिमा जूनच्या अखेरीस जाते. तोवर पावसाने करवंदीचा हंगाम संपवलेला असतो, आणि मग वाणात करवंदांच्या जागी काय घालावे यावर घराघरांत खल चालतो. हा खल आम्हांला शुभलक्षण वाटतो. त्यात निदान ऋतू मोडल्याची जाणीव आहे. बारमाही हिरवळीला ऋतूच नाही.

आता या झुडपाची थोडी ओळख. ज्यांना ती आहे त्यांची क्षमा मागून.

करवंद हे परकेपणाने इथे आलेले झाड नव्हे. अमरकोशाच्या वनौषधिवर्गात करमर्दक म्हणून त्याची नोंद आहे. पिकताना काळे पडणारे म्हणून 'कृष्णपाकफल' हे त्याचे आणखी एक नाव. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात वेलदोड्याच्या जोडीने 'कारांदास' या फळाची चर्चा आहे. पुढे लिनियसने १७६७ साली या झाडाला शास्त्रीय नाव दिले तेही 'कॅरिसा कॅरँडस', म्हणजे आपल्याच नावाचा लॅटिन उच्चार. इंग्रजांनी त्याला 'बेंगॉल करंट' म्हटले, कारण त्यांच्या घरी त्या आकाराचे आंबटगोड फळ करंटच. आमच्याकडे करंट म्हटले की विजेच्या तारेला हात लागल्याची आठवण होते, तेव्हा ते नाव इथे रुजले नाही हे बरेच झाले. कोंकणीत काण्टां, बेळगाव-खानापुराकडच्या कानडीत कवळी, इंदूर-ग्वाल्हेरीस करौंदा, बडोद्यास करमदां, हैदराबादेस तेलुगू शेजाऱ्यांच्या तोंडी वाक्काय. आमचे वाचक ज्या ज्या गावी पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक आहेत, त्या बहुतेक गावांत हे फळ त्यांच्या आधीपासून राहत आहे.

त्याचे सामर्थ्य कशात आहे ते समजून घेण्यासारखे आहे. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. चिऱ्याचा दगड चाळणीसारखा. पाणी येते आणि निघून जाते. दिवाळीनंतर सड्यावर उभे राहून पाहावे. गवत वाळून कडकडते, पानगळीची झाडे उघडी पडतात आणि दगडाच्या भेगांतून करवंदीची जाळी मात्र हिरवीगार असते. पाने लहान, जाड, चामड्यासारखी, तकतकीत. त्यामुळे उन्हात पाणी कमी उडते. मुळे दगडाच्या चिरांतून खोल जातात. अंगात चीक असतो. जोडीने येणारे तीक्ष्ण काटे असतात, म्हणून गुरे तोंड घालत नाहीत. पावसाच्या प्रदेशात दुष्काळ कसा, असे शहरातला माणूस विचारील. पण आमच्या प्रदेशात दरवर्षी सात-आठ महिन्यांचा दुष्काळ पडतो, हे करवंदीला आमच्या नगररचनाकारांहून अधिक चांगले ठाऊक आहे.

शिगम्याच्या सुमारास ती फुलते. पाच पाकळ्यांची, जुईसारखी पांढरी, गुलाबी देठाची फुले. संध्याकाळी वारा पडला की त्यांचा वास पालखीच्या वाटेवर उतरतो. ज्यांनी तो घेतला आहे त्यांना बाटलीतल्या अत्तराची किंमत कळते. मग हिरवी फळे, त्यांवर लाली, आणि वैशाखात ती काळीभोर. 'डोंगरची काळी मैना' अशी आरोळी आमच्या लहानपणी दारावर येई. फळ फोडून आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी, असा पैजेचा खेळ आम्ही सगळ्यांनीच खेळला आहे, आणि पैजेत हरलेली करवंदेही खाल्ली आहेत.

या फळाची जी विटंबना आमच्या समाजाने चालवली आहे तिचा एक नमुना सांगितल्यावाचून राहवत नाही. वाढदिवसाच्या केकवर लालभडक 'चेरी' म्हणून जो गोळा ठेवलेला असतो, तो आपल्याकडे पुष्कळदा करवंदच असतो. कच्चे करवंद घ्यायचे, बी काढायचे, साखरेच्या पाकात मुरवायचे, लाल रंगात बुडवायचे, की झाली विलायती चेरी. ज्या घरात 'करवंदे कसली खाता रानटीपणाने' म्हणून मुलांना दटावले जाते, त्याच घरात ती मुले चेरीसाठी भांडतात. नाव पालटले, पैसे मोजले, की आम्हांला आपलीच वस्तू गोड लागते. देवळामागची जाळी उपटून तिथे दुरांटा लावणारी वृत्ती याहून निराळी नाही.

यावर कुणी म्हणेल, तुमचा हा स्वदेशीचा आग्रह जुना झाला. तर आमचा आग्रह तो नव्हे. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. त्याच्या माळेशिवाय आमचा दसरा होत नाही आणि होऊ नये. काजू, अननस, मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली आणि आमच्या घरची झाली. देवळापुढे जो देवचाफा उभा असतो, ज्याची फुले आम्ही श्रद्धेने मूर्तीच्या पायांवर वाहतो, तोही अमेरिका खंडातलाच. पाहुण्याला घरचा मानण्याची रीत आमची आहे आणि ती चांगली आहे. परंतु वनस्पतिशास्त्रदृष्ट्या देवचाफा आणि करवंद ही एकाच कुळातली. कण्हेर, तगर यांच्या कुळातली. तेव्हा चित्र असे दिसते की पाहुणा आलेला चुलतभाऊ देवाच्या पुढ्यात मानाने उभा आहे, आणि घरच्या मुलीला मागल्या दाराने हाकलून दिले आहे. आमचा राग चाफ्यावर नाही. त्याने कुणाचे पाणी पळवलेले नाही.

हिरवळीवर आहे, आणि त्याचा हिशेब सरळ आहे. भर उन्हाळ्यात एका चौरस मीटर हिरवळीला रोज सुमारे पाच लिटर पाणी लागते. दोनशे चौरस मीटरची, म्हणजे मंगलकार्यालयापुढे असते तेवढी हिरवळ धरली, तर रोजचे हजार लिटर. एका कुटुंबाला दोन दिवस पुरणारे पाणी असे रोज जमिनीवर ओतायचे, आणि त्यावर पाय ठेवू नये म्हणून पाटी लावायची. तिच्यावर फूल येत नाही, फळ येत नाही, पाखरू बसत नाही, गाय चरत नाही. ज्या धर्मात गोग्रासाशिवाय पान वाढत नाहीत, त्या धर्माच्या आवारात गाईला बंदी असलेले गवत वाढवण्याची कल्पना कोणाच्या डोक्यात आली असेल ती असो. करवंदीला पहिले दोन उन्हाळे पाणी घातले की पुढे तिला तुमची गरज नाही.

काट्यांचा आक्षेप आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. मुले येतात, म्हातारी माणसे येतात, काटा लागेल. लागेल. प्रदक्षिणेच्या वाटेवर करवंद लावा असे कुणी म्हणत नाही. जाळीची जागा कडेला, उतारावर, कुंपणाला. काटा हा तिचा दोष नाही, तिचे काम आहे. आजवर गुरे आणि चोर यांना अडवणारे कुंपण आमच्या गावांनी काट्यांनीच केले. आज आपण दगडी-सिमेंटची भिंत घालतो आणि वर फुटक्या काचा रोवतो. त्या काचांना मात्र कुणी भाविकांना टोचतील असे म्हणत नाही. सापांचे भय खरे आहे. जिथे उंदीर तिथे साप, आणि उंदीर येतात ते जत्रेनंतर आवाराच्या मागे टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवर. तो ढीग उचलला तर निम्मे भय उचलले जाईल. वाढ हळू होते हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. पण ज्या देवळाची परंपरा आम्ही शतकांत मोजतो तिथे तीन-चार वर्षे थांबण्याचा धीर नसावा, हे ऐकायला बरे वाटत नाही. राहिला आक्षेप अतिक्रमणाचा: भिंत नसेल तर शेजारी हद्द सरकवतो. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवे. मोजणी करून हद्दीचे दगड पक्के करावेत आणि दगडांच्या रेषेत दाट करवंद लावावी. पाच वर्षांची करवंदीची कुंपणी सरकवणे भिंत सरकवण्याइतकेच कठीण आहे. ज्याने तशी जाळी हाताने काढण्याचा प्रयत्न केला आहे तो आम्हांला दुजोरा देईल.

आणि शोभेचा आक्षेप? त्याला आम्ही उत्तर देत नाही. ज्याला चैत्रातली फुललेली करवंद सुंदर दिसत नाही त्याच्याशी सौंदर्याविषयी बोलणे शक्य नाही.

देवराया राखणारे आमचे पूर्वज अडाणी होते असे कुणाला वाटत असेल तर त्याने एवढे आठवावे की १९७०च्या दशकात डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वर्तक या शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा आजूबाजूच्या उघड्या डोंगरांत जुन्या रानाचे अवशेष त्यांना सापडले ते देवाच्या नावाने राखलेल्या या तुकड्यांतच. देवाच्या नावावर जे शतकानुशतके टिकले ते देवाच्याच नावाने ठराव करून आम्ही काढून टाकतो आहोत. 'देवाचे रान' या शब्दांत रान शब्दाची आम्हांला लाज वाटू लागली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आता, नुसता राग धरून भागत नाही. ज्यांना आपल्या परसात किंवा देवस्थानात करवंद लावायची आहे त्यांच्यासाठी आमचा अनुभव सांगतो.

वैशाखात पूर्ण पिकलेली, टपोरी फळे घ्यावीत, गर धुऊन बी काढावे आणि लगेच पेरावे. हे बी ठेवणीतले नव्हे. सुकवून डब्यात घातले तर त्याची उगवण झपाट्याने कमी होते. पिशवीत माती, वाळू आणि कुजलेले शेणखत घालून दोन-दोन बिया टाकाव्यात. रोपे सावकाश वाढतात. त्या वर्षी लावण्याचा मोह आवरावा, वर्षभर पिशवीतच जोपासावीत आणि पुढल्या मृगाला जमिनीत घालावीत. एखाद्या झाडाचे फळ विशेष गोड असेल तर पावसाळ्यात त्याच्या फांदीला गुटी बांधावी. नुसती फांदी कापून लावली तर सहसा लागत नाही. कुंपणासाठी दोन-तीन फुटांवर एक रोप, फळांसाठी स्वतंत्र झाड हवे असेल तर दहा फुटांचे अंतर. खड्डा हातभर पुरे. जागा उन्हाची हवी आणि पाणी साचणारी नसावी. करवंदीला तहान सोसते, ओले पाय सोसत नाहीत, मुळे कुजतात. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदोनदा पाणी आणि बुंध्याशी पाचोळ्याचे आच्छादन. साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ धरते. छाटणी फळे संपल्यावर, पावसाच्या तोंडाशी करावी. आमचे हौशी माळी हिवाळ्यात कात्री चालवतात, त्याने येणारा बहरच कापला जातो आणि मग 'फळ धरत नाही' अशी तक्रार होते. ज्यांना मोठ्या फळांची जात हवी त्यांनी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या 'कोंकण बोल्ड'ची चौकशी करावी. मात्र देवळामागच्या उतारावर आम्हांला तिथलीच, त्याच डोंगराची, लहान फळांची करवंद हवी आहे. उत्पन्नासाठी लावायची असती तर गोष्ट निराळी.

फळांचे काय करावे हे आमच्या भगिनींना शिकवण्याची आमची योग्यता नाही. कच्च्या करवंदांचे मोहरी घातलेले लोणचे, गूळ घालून केलेला मेथांबा, पिकल्या करवंदांचे सरबत आणि मुरंबा घरोघर ठाऊक आहेत. कच्च्या फळाचा चीक हाताला व सुरीला चिकटतो, म्हणून ती चिरून मिठाच्या पाण्यात ठेवावीत, एवढेच नवख्यांसाठी. हैदराबादेकडच्या आमच्या वाचकांच्या घरी वाक्काय घातलेले आंबट वरण शेजाऱ्यांकडून शिरले आहे आणि ते चिंचेच्या आमटीला हार जाणारे नाही. इंदूरच्या घरांत हिरवी मिरची आणि करौंदे यांची परतलेली भाजी पानाच्या डावीकडे असते. आमच्या अग्रशाळांतल्या महाप्रसादात मात्र हल्ली लोणचे बरणीतले, कारखान्याचे येते. बरणीवरची घटकद्रव्ये वाचून पाहावीत.

कोणी विचारील की एवढ्याशा झुडपासाठी एवढा आवेश कशाला. देवस्थानांपुढे यापेक्षा मोठे प्रश्न आहेत. आहेत. पण ते मोठे प्रश्न आमच्या हातात नाहीत आणि हा आहे. रस्त्याचे रुंदीकरण आम्ही थांबवू शकत नाही, सडे विकले जातात ते थांबवू शकत नाही. परंतु आपल्याच कुलदेवतेच्या आवाराच्या मागल्या उतारावर काय वाढावे हे ठरवण्याचा अधिकार महाजनांचा आहे, आणि तो बजावायला हात वर करण्यापलीकडे काही लागत नाही. आम्ही एकदा तो वर केला नाही.

गेल्या वैशाखात आम्ही त्या म्हातारीकडूनच करवंदे घेतली. नातवंडांनी गर खाल्ला, बिया आम्ही मागून घेतल्या, आणि पडवीत चाळीस पिशव्या भरल्या. काही उगवल्याच नाहीत, काही गोगलगायींनी खाल्ल्या. आज अठ्ठावीस रोपे वीतभर उंच आहेत. ती येत्या मृगाला तळीवरच्या उतारावर, वरच्या हद्दीपासून सुरुवात करून, आमच्या खर्चाने लावण्याची आणि दोन उन्हाळे पाणी घालण्याची परवानगी आम्ही समितीकडे लेखी मागितली आहे. अर्जाची पोच मिळाली आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.